पहिले पन्नास तास

बोनेटवरचा झेंडूचा हार अजून पुरता वाळलाही नव्हता. निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागेत, सहाव्या ओळीच्या मध्यावर, मागे ब्लोअर जोडलेला कोरा करकरीत मिनी ट्रॅक्टर दोनदा अडखळला, गुदमरला आणि बंद पडला. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस, आभाळ भरलेलं, टाकीत डाऊनी रोगाचं औषध कालवून ठेवलेलं. मेव्हण्याने सेल्फ मारला. पुन्हा मारला. वीसेक वेळा मारल्यावर सेल्फचाच घसा बसला. मग मला फोन आला : "दाजी, इंजिनच खराब निघालं. फसवलं आपल्याला."

मी यंत्रांबद्दल लिहितो, ती दुरुस्त करत नाही. पण सासुरवाडीत हा फरक कोणी मानत नाही. बांधावर पोचलो तेव्हा गावातले मिस्त्री आलेले होते. साठीचे गृहस्थ. हातात पाना होता, पण तो त्यांनी चाकाजवळ ठेवला आणि आधी प्रश्न विचारले. डिझेल शेवटचं कधी भरलं? बंद पडताना झटक्यात पडला की गुदमरत गेला? बंद करायची खुंटी पूर्ण आत आहे ना?

या तीन प्रश्नांत निम्मं निदान झालं होतं. डिझेल इंजिन झटक्यात बंद पडलं तर संशय वेगळीकडे जातो : डिझेल तोडणारी खुंटी किंवा सोलेनॉइड, एखादी वायर, नाहीतर खरोखरच आत काहीतरी अडकलेलं. गुदमरत, अडखळत बंद पडलं तर त्याला डिझेल पुरेसं मिळत नाही किंवा हवा तरी मिळत नाही. आणि खुंटी बाहेर राहिली म्हणून "नवा ट्रॅक्टर चालूच होत नाही" अशा तक्रारी शोरूमला किती येतात, हे तिथल्या पोरांना विचारा. ती नावं सांगत नाहीत, फक्त हसतात. क्लच पूर्ण दाबला नाही, गिअर न्यूट्रलला नाही किंवा पीटीओचा, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या शाफ्टचा, दांडा गुंतलेला राहिला, तरी बऱ्याच मॉडेलमध्ये सुरक्षेचा स्विच सेल्फला वीजच जाऊ देत नाही. तो बिघाड नसतो, ती व्यवस्था असते.

आमच्या ट्रॅक्टरने 'एअर धरली' होती. डिझेल टाकीतून निघतं, फिल्टरमधून गाळून पंपात जातं आणि पंप ते प्रचंड दाबाने नोझलमधून सिलिंडरमध्ये फवारतो. या वाटेत हवेचा बुडबुडा शिरला की खेळ संपतो, कारण डिझेल दाबलं तर पुढे सरकतं आणि हवा दाबली तर नुसतीच आकसते. नोझल उघडायला लागणारा दाब तयारच होत नाही. अशा वेळी सेल्फ मारत राहिलं तर फक्त बॅटरी उतरते आणि सेल्फची मोटर तापते. दहा-पंधरा सेकंदांवर सेल्फ एका दमात मारू नये, दोन प्रयत्नांच्या मध्ये त्याला अर्धा-एक मिनिट विसावा द्यावा. मेव्हण्याने यातलं काहीच पाळलं नव्हतं.

मिस्त्रींनी फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू दोन आटे सैल केला आणि पंपाच्या बाजूचा हाताने दाबायचा दट्ट्या दाबायला सुरुवात केली. आधी काहीच नाही. मग स्क्रूच्या कडेने साबणाच्या पाण्यासारखा पांढरट फेस आला. दाबणं चालूच. फेस विरळ झाला, मधे एक मोठा बुडबुडा फुटला आणि मग काचेसारखी सलग धार लागली. धार चालू असतानाच स्क्रू आवळला. नंतर नोझलकडे जाणाऱ्या पाइपाचा नट किंचित सैल करून सेल्फ मारायला सांगितला, हात आणि तोंड मात्र लांब ठेवून, कारण त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. नटातून डिझेल थुंकल्यासारखं उडालं. नट आवळला, पुन्हा सेल्फ, आणि इंजिन चालू.

मेव्हणा लगेच सीटवर चढायला निघाला. मिस्त्रींनी त्याला थांबवलं. "भाऊ, एअर निघाली. पण आली कुठून?"

बहुतेक दुरुस्त्या फसतात त्या इथेच. एअर काढली की ट्रॅक्टर चालतो, म्हणून माणूस खूश होतो, आणि दोन दिवसांनी पुन्हा तीच कथा. मिस्त्रींनी टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळीवरून बोट फिरवत नेलं आणि एका क्लॅम्पवर थांबले. नवं रबर पहिल्या काही दिवसांत गरम होऊन बसतं, जरा दबतं, आणि कारखान्यात घट्ट असलेला क्लॅम्प सैल होतो. गंमत अशी की तिथे डिझेलचा एक थेंबही गळलेला नव्हता. या भागात पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळे सैल जागेतून डिझेल बाहेर न येता बाहेरची हवा आत जाते. गळती दिसत नाही म्हणून सगळं ठीक, हा हिशेब ओढणाऱ्या नळीला लागू पडत नाही. क्लॅम्पला स्क्रू-ड्रायव्हरचा एक पीळ. इंजिन 'खराब' होतं ते एवढंच.

नव्या यंत्राची रडगाणी बहुतेक वेळा अशीच असतात. जुन्या ट्रॅक्टरचा बिघाड झिजेतून येतो, नव्याचा बसण्यातून : नट, बेल्ट, नळ्या, क्लच प्लेट, गॅस्केट अजून आपापल्या जागी बसायचे असतात. त्यात चालवणाराही नवा असला की झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि आजवर बैलावर किंवा भाड्याच्या ट्रॅक्टरवर भागवणाऱ्यालाही मिनी ट्रॅक्टरचा विचार करणं जरा सोपं झालं. एक दिलाशाची गोष्ट आहे. उत्सर्जनाचे कडक 'ट्रेम-४' नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले ते ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना. त्यामुळे बागेतल्या पंधरा-वीस-पंचवीस एचपीच्या बहुतेक यंत्रांत अजून साधा यांत्रिक पंप आहे. लॅपटॉप जोडल्याशिवाय बिघाड कळत नाही, अशी वेळ त्यांच्यावर आलेली नाही. डोळे, कान आणि बोट पुरतात.

डोळ्यांचं पहिलं काम धूर पाहण्याचं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी : एअर क्लीनर चोंदलाय किंवा यंत्रावर झेपेना इतका बोजा आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत सकाळी चालू करताना आलेला पांढरा धूर विसरून जावा. इंजिन तापल्यावरही तो येतच राहिला, तर मात्र शोरूमला फोन.

एअर क्लीनरबद्दल मी जरा जास्तच बोलतो, घरचे वैतागतात. पण रोटर मारताना उडणारी धूळ ही ट्रॅक्टरची सर्वांत मोठी वैरीण आहे. ऑइलच्या वाटीचा क्लीनर असेल तर वाटीतलं ऑइल खुणेपर्यंतच हवं. 'थोडं जास्त असू दे' म्हणून वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. कोरडा कागदी फिल्टर असेल तर तो चाकावर आपटून झटकू नये. कागदाला केसाएवढी चीर गेली तरी धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते, आणि नव्या इंजिनाला आठवड्यात म्हातारपण येतं. रेडिएटरच्या जाळीचंही तेच. बागेत वाळलेली पानं, गवताचं बी, कुसळं जाळीवर चिकटतात आणि तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकतो. जाळी साफ करा, पंख्याचा बेल्ट अंगठ्याने दाबून पाहा, कुलंट बघा. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. चेहरा भाजलेली माणसं गावोगाव आहेत.

आता लिफ्ट. "दाजी, लिफ्ट खालीच येत नाही," हा दुसरा फोन चौथ्या दिवशी आला. याचं उत्तर मी फोनवरच देऊ शकलो, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. सीटखाली, पुढच्या बाजूला, एक गोल खुंटी असते. अवजार किती वेगाने खाली यावं ते तिच्यावर ठरतं. रस्त्यावरून नेताना अवजार अचानक पडू नये म्हणून ती पूर्ण बंद करतात. ट्रॅक्टर शोरूममधून घरी आणताना कोणीतरी ती आवळली होती. सैल केली, लिफ्ट खाली आली. उलट तक्रार असेल, म्हणजे लिफ्ट उचलतच नाही किंवा धक्के देत उचलते, तर आधी ऑइलची पातळी बघावी. बऱ्याच लहान ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सचं आणि हायड्रॉलिकचं ऑइल एकच असतं, आणि ट्रॉलीचा जॅक जोडला की त्यातलं काही लिटर जॅकमध्ये जातं. ऑइल दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, तसाच ट्रॅक्टर चालवत राहू नये. आणि दोन दांड्यांचा घोळ तर सनातन आहे. एक दांडा अवजाराची उंची ठरवतो, दुसरा जमिनीच्या ओढीप्रमाणे ते आपोआप वरखाली करतो. फवारणी करताना दुसऱ्याला हात लावला की लिफ्ट 'आपोआप हलते' अशी तक्रार सुरू होते.

खरा खर्चिक घोटाळा मात्र पीटीओच्या जॉइंट शाफ्टमध्ये असतो, आणि तो कोणी विचारत नाही म्हणून कोणी सांगतही नाही. रोटर एका दुकानातून येतो, ट्रॅक्टर दुसऱ्या. शाफ्ट ज्या लांबीचा आला त्या लांबीचा जोडला जातो. जमिनीवर असताना सगळं सुरळीत फिरतं. लिफ्ट उचलली की ट्रॅक्टर आणि रोटर यांच्यातलं अंतर बदलतं. शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत सरकून टेकल्या आणि पुढे जागाच उरली नाही, तर तो सगळा जोर ट्रॅक्टरच्या पीटीओच्या बेअरिंगवर जातो. आधी ऑइल सील गळू लागतं, मग बेअरिंग आवाज करतं. "नव्या ट्रॅक्टरचं सील गळतंय, माल हलका," असं आपण म्हणतो. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद करून, चावी खिशात घालून, अवजार वरपासून खालपर्यंत हळूहळू न्यायचं आणि दोन्ही नळ्यांमध्ये सगळीकडे थोडी जागा उरते का ते बघायचं. उरत नसेल तर दोन्ही नळ्या सारख्या मापाने कापून घ्यायच्या.

अवजार झेपतं का, हा प्रश्नही तिथलाच. बोनेटवर लिहिलेले एचपी इंजिनाचे असतात. पीटीओपर्यंत पोचताना त्यातले काही गिअरबॉक्समध्ये खर्ची पडतात आणि ब्लोअर किंवा रोटरला मिळतात ते उरलेले. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथे १९५५ साली सुरू झालेली केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टरांची चाचणी घेते आणि त्या अहवालात पीटीओवर मिळणारी ताकद वेगळी नोंदवलेली असते. खरेदीआधी तो आकडा विक्रेत्याकडे मागावा. माझ्या माहितीत तो मागणारे फार थोडे, हारतुऱ्यांचा फोटो मागणारे पुष्कळ.

पहिल्या पन्नास तासांत फार बोजा टाकू नये, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याची दुसरी बाजू कमी लोकांना माहीत आहे : तासन् तास नुसता हळू चालू ठेवणंही वाईट. पिस्टनच्या रिंगा लायनरवर बसायला थोडा जोर लागतो, तो मिळाला नाही तर लायनरला काचेसारखी चकाकी येते आणि इंजिन ऑइल पिऊ लागतं. पहिल्या सर्व्हिसिंगला ऑइल काळं दिसत नसलं तरी बदलायचंच, कारण नव्या गिअरांचा बारीक धातूचा चुरा त्यात उतरलेला असतो. त्याच वेळी चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत, क्लचच्या पेडलची मोकळी चाल पुस्तिकेतल्या मापाला आणावी आणि डाव्या-उजव्या ब्रेकची पकड सारखी आहे का ते पाहावं. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडलं कडीने जोडलेली हवीत, नाहीतर घाईत एकच दाबलं जातं आणि ट्रॅक्टर गिरकी घेतो. चारही चाकांना ओढ असलेला ट्रॅक्टर असेल तर डांबरी रस्त्यावर पुढच्या चाकांची ओढ काढून ठेवावी. ती तशीच राहिली तर टायर झिजतात आणि आतल्या गिअरांना पीळ बसतो.

एवढं सगळं करूनही यंत्र खरोखरच सदोष निघू शकतं. तेव्हा कामाला येते ती वही. कोणत्या तारखेला, तासाच्या काट्यावर कितीला, काय झालं, कोणाला फोन केला, कोण आलं आणि त्याने काय केलं. प्रत्येक वेळी जॉबकार्डची प्रत मागून घ्यावी. वॉरंटी वर्षांत आणि तासांत मोजतात, जे आधी भरेल ते. काही ट्रॅक्टरांवरचा यांत्रिक काटा इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे रेस जास्त ठेवली की तो घड्याळाच्या पुढे धावतो. गावच्या मिस्त्रीकडून पंप किंवा गिअरबॉक्स उघडून घेतला तर वॉरंटीवर पाणी पडू शकतं. एअर काढणं, क्लॅम्प आवळणं वेगळं आणि सील तोडणं वेगळं, हे आमचे मिस्त्री स्वतःच बजावून सांगतात.

शोरूम दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबवलेला ट्रॅक्टर या कायद्यात बसतो. भाड्याने फिरवण्याचा धंदा केला तर समोरचा वकील त्यावर बोट ठेवणार.

मेव्हण्याच्या ट्रॅक्टरचा काटा परवा शेहेचाळीस तासांवर होता. वहीत सात नोंदी आहेत. त्यांतल्या चार सैल निघालेल्या नट-क्लॅम्पच्या, दोन चुकीच्या दांड्याच्या. सातवी, पुढच्या उजव्या चाकाजवळच्या सीलमधून झिरपणाऱ्या ऑइलची, तेवढी वॉरंटीत टाकली आहे.