ब्रॅकनेलची दिवेलागण

'गुड मॉर्निंग' आणि 'गुड इव्हनिंग' आपण इकडे यायच्या आधीच शाळेत घोकून आलेलो असतो. खरी गंमत इथं आल्यावर सुरू होते. डिसेंबरात पावणेपाचला ब्रॅकनेलच्या एखाद्या दुकानात शिरा. बाहेर काळोख, रस्त्यावरचे दिवे लागलेले, आणि काउंटरवरची बाई हसून म्हणते, 'गुड आफ्टरनून!' जूनमध्ये नेमकं उलट. नऊ वाजता 'रात्र झाली, झोपा आता' म्हणावं, तर मुलं खिडकीतल्या उन्हाकडे बोट दाखवतात!

याचं कारण असं, की आपले शब्द उजेडावर बेतलेले आहेत. झुंजुमुंजू, तांबडं फुटणं, टळटळीत दुपार, उन्हं कलणं, तिन्हीसांजा, दिवेलागण. हातात घड्याळ नसलं तरी नुसतं आभाळाकडे बघून हे शब्द वापरता येतात. इंग्रजीतही 'डॉन', 'डस्क', 'ट्वायलाइट' आहेत, पण रोजच्या बोलण्यातला 'आफ्टरनून' घड्याळाला बांधलेला. 'गुड नाइट'चा तर रात्रीशी संबंध बेताचाच, तो निरोपाचा शब्द. रात्री दहाला कुणाच्या दारात उभे राहिलात तरी म्हणायचं 'गुड इव्हनिंग'च.

पूर्वी इंग्रजीचंही असं नव्हतं बरं का! 'नून' हा शब्द लॅटिनमधल्या 'नववा तास' या अर्थाच्या शब्दावरून आला. सूर्योदयापासून नववा, म्हणजे साधारण दुपारचे तीन. पुढे तो सरकत सरकत बारावर आला. आपली 'दुपार' म्हणजे दोन प्रहर, तीही सूर्योदयापासूनच मोजलेली. दोन्ही भाषांचं मूळ गणित एकच.

मुंबईत सूर्यास्त वर्षभरात सहा ते सव्वासात-साडेसातच्या दरम्यान होतो. त्यामुळे 'दिवेलागणीच्या आत घरात या' हा आईचा हुकूम बारा महिने चालतो. ब्रॅकनेलला डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो, तर जूनअखेर सव्वानऊनंतर. तोच हुकूम इथं दिला तर हिवाळ्यात मुलं शाळेतून येता येताच उशीर होईल, आणि उन्हाळ्यात साडेनऊपर्यंत बाहेर हुंदडायला मोकळी!

उजेडाचा असा भरवसा नसला की माणसं शब्दांना घड्याळाची वेसण घालतात. ब्रिटिश हवामान खात्याचं मुख्यालय 1961 पासून 2003 मध्ये एक्सिटरला जाईपर्यंत आपल्या ब्रॅकनेललाच होतं. त्या खात्याच्या, खलाशांसाठीच्या वादळी वाऱ्याच्या इशाऱ्यात 'इमिनन्ट' म्हणजे सहा तासांच्या आत, 'सून' म्हणजे सहा ते बारा तासांत आणि 'लेटर' म्हणजे बारा तासांनंतर. समुद्रावर 'लवकरच' म्हणजे नेमकं कधी, याचा घोळ परवडत नाही.

आपल्या घरात मात्र प्रश्न वेगळा आहे. बऱ्याच घरी देवापुढे दिवा सात वाजता लागतो, शुभंकरोतीही तेव्हाच. नोकरी, होमवर्क, झोप सांभाळायची तर हे सोयीचंच. पण डिसेंबरात तेव्हा अंधार पडून दोन-अडीच तास झालेले असतात, आणि जूनमध्ये ऊन चांगलं तळपत असतं. मग मुलांच्या लेखी तिन्हीसांज म्हणजे 'सेव्हन ओ'क्लॉक'. भारतात फोन करावा, तर थंडीत आपल्या सातला तिकडे रात्रीचा साडेबारा. आजीच्या तोंडून 'दिवे लावायची वेळ झाली गं' हे कानावर पडायचं तरी कसं? शब्द पाठ करून राहत नाहीत, त्या त्या वेळी कानावर पडावे लागतात.

एक सुचवावंसं वाटतं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ब्रॅकनेलला सूर्य जवळजवळ सातला मावळतो. वसंतात हा योग येत नाही, कारण मार्चअखेर घड्याळं तासभर पुढे गेली की सूर्यास्त साडेसहाच्या आसपासवरून एकदम साडेसातच्या आसपास उडी मारतो. म्हणजे घड्याळातले सात आणि खरी तिन्हीसांज यांची गाठ वर्षातून एकदाच! त्या आठवड्यात मुलांना घेऊन अंगणात उभे राहा. उन्हं कलताना, पाखरं परतताना, आभाळ तांबूस होताना आपले शब्द मोठ्यानं उच्चारा, आणि मग आत येऊन दिवा लावा. 'दिवेलागण' म्हणजे काय, हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.