पोट न फाडता महाधमनीची दुरुस्ती. मग डॉक्टर किडनीची तपासणी का सांगतात?

अलिबागकडून धरमतरचा पूल ओलांडून वडखळमार्गे मुंबईला ऑपरेशनसाठी जाणाऱ्यांना डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ हमखास दिसते: क्रिएटिनिन तपासा. ऑपरेशन पोटातल्या रक्तवाहिनीचे, मग किडनी मध्येच कुठून आली?

पोटातली महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ती ३ सेंटिमीटर किंवा अधिक फुगली की त्याला ॲन्युरिझम म्हणतात. पुरुषांमध्ये ५.५ सेंटिमीटरला सहसा दुरुस्तीचा सल्ला मिळतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्या वयस्कर पुरुषांत हा आजार जास्त.

१९९० मध्ये ब्युनोस आयर्सला हुआन पारोदी यांनी जांघेतून नळी सरकवून आत अस्तर लावलेला स्टेंट बसवला. इंजिनीअरच्या भाषेत, जुन्या पाइपात नवा पाइप! ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत या पद्धतीत ३० दिवसांतले मृत्यू १.७ टक्के होते, पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये ४.७ टक्के.

किडनीच्या धमन्या याच महाधमनीतून, बहुतेकदा फुग्याच्या थोड्याच वर फुटतात. स्टेंट जरा वर सरकला तर त्यांचे तोंड झाकले जाऊ शकते. नळी फिरवताना भिंतीवरचा कचरा सुटून किडनीत अडकू शकतो. शिवाय एक्स-रेवर रक्तवाहिनी दिसावी म्हणून आयोडीनयुक्त डाय सोडतात. तो किडनीतूनच बाहेर पडतो. मधुमेह असेल किंवा किडनी आधीच कमजोर असेल तर धोका वाढतो.

क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ने वाढले तरी डॉक्टर त्याला किडनीची तीव्र इजा धरतात. पण रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलेय म्हणून निश्चिंत राहू नका. क्रिएटिनिन १.२ असेल तर तिशीतल्या पुरुषाची गाळण्याची क्षमता ८०च्या वर निघते, सत्तरीतल्याची ६५च्या आसपास. आकडा तोच, किडनी वेगळी. म्हणून ऑपरेशनआधीचा रिपोर्ट जपून ठेवा. तुलना त्याच्याशीच करायची असते.

खरी अडचण पुढे येते. स्टेंटभोवती गळती होतेय का, हे वर्षानुवर्षे पाहावे लागते आणि त्यासाठीच्या सीटीत पुन्हा डाय असतो. बरे वाटतेय म्हणून मुंबईची फेरी टाळणे सोपे, पण महागात पडणारे. रक्ताची चाचणी पेणलाही होते. सीटीऐवजी डॉप्लर सोनोग्राफीवर भागेल का, हे सर्जनला विचारता येते. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी डायच्या आधी थांबवायची का, तेही विचारा. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक मात्र घेऊ नका.