एकदाच मिळणारी जर्सी

अ‍ॅमस्टरडॅममधल्या म्युझियमप्लेन या चौकाच्या एका टोकाला राइक्सम्युझियम आहे, बाजूलाच व्हॅन गॉगचं संग्रहालय. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत फळ्या ठोकून फुटबॉलची छोटी मैदानं तयार करण्यात आली होती. चित्रं बघायला आलेले पर्यटक तिथेच थबकून सामने बघत होते. स्पर्धा होती होमलेस वर्ल्ड कप, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर धड छप्पर नाही अशा खेळाडूंचा विश्वचषक. या स्पर्धेत जो भारतीय संघ उतरतो, त्याची मुळं दिल्ली-मुंबईत नाहीत, नागपुरात आहेत.

नागपुरात व्यावसायिक फुटबॉल क्लब नाही. इंडियन सुपर लीगमध्ये विदर्भाचा संघ कधीच नव्हता. तरी जगातल्या फुटबॉलच्या मोठ्या व्यासपीठांवर या शहराचं नाव घेतलं गेलं ते ‘स्लम सॉकर’मुळे. नागपूरकरांच्या तोंडी मात्र त्याचं मूळ नाव अजून आहे : झोपडपट्टी फुटबॉल.

गोष्ट २००१ च्या पावसाळ्यातली. हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे हे क्रीडा शिक्षक होते. १८८३ मध्ये सुरू झालेलं हे नागपूरचं जुनं कॉलेज. पावसापासून आडोसा घेऊन थांबलेल्या बारसेंना समोर वस्तीतले काही पोट्टे खेळताना दिसले. त्यांच्याकडे चेंडू नव्हता. एक तुटकी प्लास्टिकची बादली ते लाथांनी इकडून तिकडे ढकलत होते आणि चिखलात लोळून हसत होते. बारसेंनी त्यांना फुटबॉल आणून दिला. इथवरची हकिकत आता बऱ्याच जणांना पाठ आहे, कारण ती टीव्हीवर आणि सिनेमात येऊन गेली. बारसेंचं खरं शहाणपण त्यापुढच्या निर्णयात होतं. या पोरांना त्यांनी कॉलेजच्या किंवा शहरातल्या एखाद्या क्लबच्या संघात कोंबलं नाही. त्यांच्यासाठी वेगळी स्पर्धा भरवली, अट एकच : खेळाडू झोपडपट्टीतलाच हवा. नावही तेच ठेवलं. ‘झोपडपट्टी’ हा शब्द फलकावर बघून नाकं मुरडणारे निघाले, पण बारसे हटले नाहीत. पहिल्याच फेरीत शंभराहून अधिक संघ आले. अनेक खेळाडूंच्या पायात बूट नव्हते.

पुढे क्रीडा विकास संस्था, नागपूर या नावाने कामाला रूप आलं. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशातून बारसेंनी शहराबाहेर जमीन घेतली आणि तिथे प्रशिक्षण सुरू झालं. मुलगा अभिजित अमेरिकेतून परत येऊन कामात उतरला. २००६ मध्ये केपटाउनची होमलेस वर्ल्ड कप स्पर्धा बारसे बघून आले आणि दुसऱ्याच वर्षी कोपनहेगनला भारताचा संघ उतरला. २०१० मध्ये रिओ दि जानेरोला गेलेल्या संघाचा कर्णधार अखिलेश पॉल हा नागपूरच्या वस्तीतलाच. २०१४ मध्ये ‘सत्यमेव जयते’च्या तिसऱ्या पर्वात बारसे आणि पॉल देशभरच्या प्रेक्षकांनी पाहिले. २०१६ मध्ये फिफाने आपला डायव्हर्सिटी अवॉर्ड स्लम सॉकरला दिला.

हा विश्वचषक नेहमीच्या फुटबॉलसारखा नसतो. संघात मैदानावर चारच जण : तीन खेळाडू आणि एक गोलरक्षक. मैदान २२ मीटर लांब, १६ मीटर रुंद. सात-सात मिनिटांचे दोन डाव, की सामना संपला. गोलरक्षकाने आपलं अर्धवर्तुळ सोडायचं नाही आणि बाकीच्यांनी त्यात पाऊल टाकायचं नाही. एका खेळाडूने कायम प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात राहायचं, त्यामुळे सगळ्यांनी मागे येऊन गोलपुढे भिंत उभी करायची सोय नाही. बरोबरी हा प्रकारच ठेवलेला नाही. सामना बरोबरीत सुटला तर पेनल्टी, त्यात जिंकणाऱ्याला दोन गुण आणि हरणाऱ्यालाही एक. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात पहिली स्पर्धा झाली. स्कॉटलंडचे मेल यंग आणि ऑस्ट्रियाचे हाराल्ड श्मिड यांची ही कल्पना. महिलांची स्वतंत्र स्पर्धा २००८ मध्ये मेलबर्नला सुरू झाली.

पण सगळ्यांत अजब नियम वेगळाच आहे. एका खेळाडूला ही स्पर्धा आयुष्यात एकदाच खेळता येते. कितीही चांगला खेळा, पुढल्या वर्षी तुमची जर्सी दुसऱ्याच्या अंगावर.

क्लब म्हणजे काय, याची आपली कल्पना या नियमाने पार उलटीपालटी होते. तुलनेला नेदरलँड्सचाच एक क्लब घ्यावा. रॉटरडॅमच्या दक्षिण भागात, गोदी कामगारांच्या वस्तीत, १९०८ मध्ये मित्रांनी एका पबमध्ये बसून फेयेनूर्डची स्थापना केली. तेव्हा नाव होतं विल्हेल्मिना. १९१२ मध्ये वस्तीचं नाव क्लबला मिळालं. १९३७ मध्ये ‘द काउप’ हे मैदान उभं राहिलं आणि क्लब आजही तिथेच खेळतो. त्या काळी डच फुटबॉलमध्ये खेळाडूला पैसे देणं निषिद्ध होतं, म्हणून चांगले खेळाडू फ्रान्सला पळत. १९५३ मध्ये समुद्राच्या पुराने देशाचा मोठा भाग बुडाला, तेव्हा परदेशात खेळणाऱ्या या डच खेळाडूंनी पूरग्रस्तांसाठी पॅरिसला सामना खेळून फ्रान्सला २-१ असं हरवलं. आपलेच उत्तम खेळाडू आपण परके करून ठेवले आहेत, हे त्या दिवशी मायदेशी सगळ्यांना दिसलं. पुढच्याच वर्षी व्यावसायिक फुटबॉलला मान्यता मिळाली आणि १९५६ मध्ये एरेडिव्हिजी ही राष्ट्रीय लीग सुरू झाली.

मग १९७०. युरोपियन कपची अंतिम लढत, मिलानचं सान सिरो मैदान, समोर स्कॉटलंडचा सेल्टिक. आदल्या फेरीत लीड्सला हरवून आलेल्या सेल्टिकचं पारडं जड मानलं जात होतं आणि पहिला गोलही त्यांनीच केला. कर्णधार रिनुस इस्राएलने दोनच मिनिटांत हेडरने बरोबरी साधली. सामना जादा वेळेत गेला. पेनल्टीने निकाल लावायची पद्धत तेव्हा या अंतिम सामन्याला नव्हती. बरोबरी राहिली असती तर सामनाच पुन्हा खेळावा लागला असता. जेमतेम तीन-चार मिनिटं उरलेली असताना स्वीडनच्या उवे किंडवालने चेंडू गोलरक्षकावरून आत टाकला. युरोपियन कप जिंकणारा फेयेनूर्ड हा पहिला डच क्लब ठरला. लागोपाठ तीन वर्षं तो जिंकणारा अ‍ॅमस्टरडॅमचा आयाक्स त्याच्या मागून आला, हे आयाक्सच्या चाहत्यांना आठवण करून द्यायला रॉटरडॅमकर विसरत नाहीत. त्याच वर्षी अर्जेंटिनाच्या एस्तुदियान्तेसला हरवून फेयेनूर्डने इंटरकॉन्टिनेन्टल कपही घेतला. १९७४ आणि २००२ मध्ये यूईएफए कप, आणि २०२३ पर्यंत १६ वेळा लीगचं विजेतेपद.

फेयेनूर्डच्या कपाटात करंडक साठत गेले, कारण एकाच वस्तीतली माणसं शंभर वर्षं त्याच क्लबला चिकटून राहिली. रॉबिन व्हॅन पर्सीचंच बघा. रॉटरडॅमच्या रस्त्यांवर खेळत वाढलेलं पोरगं, आधी शहरातल्याच एक्सेलसिअर या छोट्या क्लबात, तिथून फेयेनूर्डला. अठराव्या वर्षी यूईएफए कप जिंकणाऱ्या संघात. मग आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड. कारकिर्दीच्या शेवटी परत फेयेनूर्ड आणि २०२५ मध्ये तिथेच मुख्य प्रशिक्षक. रस्ता, लहान क्लब, मोठा क्लब, परदेश आणि परत घर. या शिडीची एकही पायरी मधून गायब नाही.

नागपूरच्या मुलासाठी मात्र शिडीचा तळ आहे आणि एकदम वरचं टोक आहे. मधलं सगळं विरळ.

अगदीच नाही असं नव्हे. जिल्हा फुटबॉल संघटनेची लीग नागपुरात चालते. कामठी तर छावणीच्या काळापासून फुटबॉलवेडी आहे आणि तिथल्या रब्बानी क्लबचं नाव विदर्भात कुणाला सांगावं लागत नाही. राहुल क्लब, यंग मुस्लिम, रेल्वे आणि पोलिसांचे संघ मोतीबागेच्या रेल्वे मैदानावर भिडतात तेव्हा कडेला गर्दी असते. पण त्या गर्दीतून पुढे जायचं कुठे? नोकरीत खेळाडूंच्या कोट्यातून जागा मिळाली तर रेल्वे किंवा पोलीस. नाही तर पंचविशीत बूट खुंटीला.

कोल्हापूरची तऱ्हा जरा वेगळी. तिथे पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा तालीम हे संघ पेठेच्या अस्मितेवर उभे आहेत. शाहू स्टेडियमवर हजारोंनी लोक येतात आणि दोन पेठांमधली ईर्षा रॉटरडॅम-अ‍ॅमस्टरडॅमला लाजवील अशी असते. वस्तीने क्लब आपला मानणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात बघायचं तर तिथेच. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. तरी त्याला घडायला पुण्याला, बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं.

आणि मोठ्या कंपन्यांच्या जिवावर उभ्या राहिलेल्या क्लबांचं काय झालं? २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये मालकांनी बंद केला. पुणे एफसी गेला, मुंबई एफसी गेला. आइंडहोवनचा पीएसव्हीसुद्धा १९१३ मध्ये फिलिप्स कंपनीने आपल्या कामगारांसाठीच काढला होता. १९८८ मध्ये तो युरोपियन कप जिंकला आणि आजही आहे. कंपनीने काढलेला क्लब कंपनीपेक्षा गावाचा होऊ शकला तरच तो तगतो. आपल्याकडे ताळेबंदात तोटा दिसला की संघच गुंडाळला जातो. २०१४ मध्ये फेयेनूर्डनेही दिल्ली डायनामोजशी हातमिळवणी केली होती. तो दिल्लीचा संघ पुढे भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला, दिल्लीला मागे काही उरलं नाही.

या पार्श्वभूमीवर ‘आयुष्यात एकदाच’ हा नियम नीट बघायला हवा. ज्या संघाचे सगळे खेळाडू दरवर्षी बदलतात, त्याला घराणं उभं करता येत नाही, विक्रम रचता येत नाहीत. त्याची कमाई मोजायची तर करंडकांऐवजी माणसंच मोजावी लागतात. अमक्या वर्षीचा खेळाडू आज वस्तीतल्या पोरांना शिकवतो, अशी उदाहरणं स्लम सॉकरकडे आहेत आणि त्यांच्या प्रशिक्षकांची फळी बरीचशी अशीच तयार झाली. मुलींसाठीचे त्यांचे वर्गही याच वाटेने वाढले. एका क्लबात वीस जण नाव कमावतात. इथे दरवर्षी, राखीव खेळाडू धरून, नव्या आठ जणांच्या हातात पासपोर्ट येतो.

पासपोर्ट हा शब्द इथे वाटतो त्याहून जड आहे. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ ४ मार्च २०२२ ला प्रदर्शित झाला तेव्हा चर्चा अमिताभ बच्चन यांची झाली. बारसेंवर बेतलेली विजय बोराडे ही भूमिका त्यांनी केली होती. पण सिनेमाचा जीव उत्तरार्धात आहे, जिथे फुटबॉल मागे पडतो आणि कागदपत्रं पुढे येतात. जन्माचा दाखला, पत्त्याचा पुरावा, पोलिसांची शिफारस. रिंकू राजगुरूने केलेली आदिवासी मुलगी ओळखीच्या एका कागदासाठी बापासोबत वणवण फिरते, तो भाग कुठल्याही गोलपेक्षा जास्त ताण देतो. मंजुळेंनी नागपूरच्या वस्त्यांमधलीच पोरं घेतली आणि त्यातल्या अंकुश गेडामला पदार्पणासाठी फिल्मफेअर मिळालं. सिनेमाचा एक तोटाही झाला. झुंड बघितला, टाळ्या वाजवल्या, म्हणजे नागपूरच्या फुटबॉलचं आपण काही देणं लागत नाही, अशी सगळ्यांची समजूत झालेली दिसते.

देणं आहे ते सर्वांत आधी जागेचं. शहराच्या दक्षिणेला हुडकेश्वरला गेलं की हे चटकन कळतं. एकेकाळचं हे खेडं आता शहरात मिसळून गेलं आहे. शेतं गेली, ले-आउट पडले, गुंठेवारीतले प्लॉट विकले गेले. प्लॉटवर मालकाने घर बांधेपर्यंत तिथे पोट्ट्यांचं राज्य असतं : दोन विटांचा गोलपोस्ट, बाभळीचे काटे, पावसाळ्यात गुडघाभर काळी माती. मग एक दिवस रेतीचा ट्रक येतो आणि खेळ पुढच्या प्लॉटवर सरकतो. ज्या जागा नकाशावर खेळासाठी म्हणून दाखवलेल्या असतात, त्यांवर कुंपण, लॉन किंवा समाजभवन यायला वेळ लागत नाही. क्रिकेट गल्लीतही भागवता येतं, फुटबॉलला मैदान लागतंच.

पैशाचाही एक मार्ग आहे, ज्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. खेळाडू करार चालू असताना एका क्लबातून दुसऱ्या देशातल्या क्लबात विकला गेला, तर फिफाच्या नियमाप्रमाणे त्या रकमेतला पाच टक्के वाटा वयाच्या १२ ते २३ या काळात त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. नेदरलँड्समधल्या एखाद्या खेड्यातल्या हौशी क्लबाला त्यातून नवं मैदान किंवा ड्रेसिंग रूम बांधता येते. त्यासाठी त्या पोराची बारा वर्षांपासूनची नोंदणी क्लबाच्या नावाने असावी लागते. हुडकेश्वरच्या प्लॉटवर खेळणाऱ्या पोराची नोंद कुठल्याही वहीत नाही. उद्या त्याच्यातून कुणी खरोखरच युरोपात पोचला, तरी त्याला पहिला चेंडू देणाऱ्याच्या हाती त्यातला एक रुपयाही लागणार नाही.