'लागला' आणि 'लावला' : दाएगूच्या अडथळा-शर्यतीतील एक निर्णय

दक्षिण कोरियातील दाएगू या शहरी २७ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०११ या काळात जागतिक मैदानी स्पर्धा भरल्या होत्या. त्यांतील पुरुषांच्या ११० मीटर अडथळा-शर्यतीची अंतिम फेरी २९ ऑगस्ट रोजी झाली. त्या वेळेपर्यंत हे अंतर सर्वांत कमी वेळात तोडणारे जगातील तिन्ही धावपटू या एकाच फेरीत उतरले होते : क्यूबाचा डेरॉन रोबल्स (१२.८७ सेकंद, २००८), चीनचा लिऊ शियांग (१२.८८ सेकंद, २००६) आणि अमेरिकेचा डेव्हिड ऑलिव्हर (१२.८९ सेकंद, २०१०). रोबल्स १३.१४ सेकंदांत सर्वांच्या आधी अंतिम रेषेवर पोहोचला. तथापि त्याच दिवशी चिनी पथकाच्या तक्रारीवरून त्याला अपात्र ठरविण्यात आले. क्यूबाच्या पथकाने केलेली फेरमागणी फेटाळली गेली. १३.१६ सेकंदांत दुसरा आलेला अमेरिकेचा जेसन रिचर्डसन विजेता ठरला, १३.२७ सेकंद घेणाऱ्या लिऊला दुसरे स्थान मिळाले आणि चौथा आलेला ब्रिटनचा अँडी टर्नर तिसऱ्या स्थानावर गेला.

वरवर पाहता हा क्रीडांगणावरील एक तंटा आहे. वस्तुतः त्याच्या मुळाशी भाषेचा एक प्रश्न आहे. एखाद्याच्या हातून घडलेली गोष्ट आणि त्याने केलेली गोष्ट या दोहोंत नियम कोणत्या शब्दांनी भेद करतो, किंवा करीत नाही, यावर त्या दिवशीचे सुवर्णपदक अवलंबून होते. या प्रश्नाचा उलगडा होण्यासाठी प्रथम शर्यतीची रचना लक्षात घेणे आवश्यक आहे.

या शर्यतीत दहा अडथळे असतात आणि प्रत्येकाची उंची १.०६७ मीटर असते. आरंभरेषेपासून पहिला अडथळा १३.७२ मीटरांवर, पुढील प्रत्येक अडथळा ९.१४ मीटरांच्या अंतराने, आणि शेवटच्या अडथळ्यापासून अंतिम रेषा १४.०२ मीटरांवर असते. हे चमत्कारिक अपूर्णांक इंग्लंडमधील जुन्या १२० यार्डांच्या शर्यतीचे अवशेष होत. १५ यार्ड, मग १० यार्डांची नऊ अंतरे आणि पुन्हा १५ यार्ड, अशी ती सुटसुटीत मांडणी होती. मीटरचे माप आल्यावर एकंदर अंतर किंचित वाढले, आणि ती वाढ शेवटच्या टप्प्यात सामावून घेण्यात आली. अडथळ्यांमधील दहा यार्ड मात्र जसेच्या तसे राहिले. या अंतरात धावपटू तीनच पावले टाकतो आणि चौथ्या झेपेला अडथळा ओलांडतो. पावलांची ही लय एकदा मोडली की ती पुन्हा जुळविण्यास पुढे जागा नसते.

प्रत्येक धावपटूचा पट्टा १.२२ मीटर रुंद असतो. अडथळ्याची आडवी फळी १.१८ ते १.२० मीटर लांबीची असते; म्हणजे ती जवळजवळ सबंध पट्टा व्यापते. अडथळा ओलांडताना एक पाय सरळ पुढे जातो आणि मागचा पाय गुडघ्यात दुमडून बाजूने फिरवून आणावा लागतो. त्या पायाच्या बाजूचा हात आधी पुढे झेपावतो आणि नंतर गुडघ्याला वाट देण्यासाठी बाहेरच्या बाजूने वळसा घेऊन मागे येतो. शरीराचा तोल याच हालचालीने सांभाळला जातो. यामुळे शेजारच्या पट्ट्यांतील दोन उंच धावपटू अगदी बरोबरीने धावत असतील, तर त्यांचे हात एकमेकांना लागणे मुळीच नवलाचे नाही. दाएगू येथे रोबल्स आणि लिऊ शेजारी होते, आणि शर्यतीच्या उत्तरार्धात ते बरोबरीला आले होते. नवव्या अडथळ्याच्या सुमारास रोबल्सचा उजवा हात लिऊच्या डाव्या हाताला लागला आणि शेवटच्या अडथळ्यापाशी तसेच पुन्हा घडले. लिऊचा तोल ढळला, लय मोडली आणि तो तिसरा आला.

येथे 'हात लागला' असा प्रयोग केला आहे. 'हात लावला' असे म्हटले असते तर अर्थ पालटला असता. मराठीत 'लागणे' आणि 'लावणे', 'पडणे' आणि 'पाडणे', 'अडणे' आणि 'अडविणे' अशा क्रियापदांच्या जोड्या विपुल आहेत. जोडीतील पहिले क्रियापद घटना सांगते, तर दुसरे त्या घटनेचा कर्ता पुढे उभा करते आणि बहुधा त्याच्या हेतूकडेही बोट दाखविते. 'माझ्या हातून पेला पडला' असे म्हणणारा मूल आणि 'याने पेला पाडला' अशी तक्रार करणारे त्याचे भावंड, या दोघांच्या वादात घटना एकच असते. वाद असतो तो क्रियापदाचा. दाएगूच्या पंचांपुढेही असाच वाद आला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

आता त्या काळच्या नियमांची भाषा पाहू. त्या नियमावलीत या संदर्भात तीन नियम ध्यानात घेण्याजोगे आहेत. पहिला नियम अडथळे पाडण्याविषयीचा. धावताना पायाचा धक्का लागून अडथळा पडल्यास दोष नाही. मात्र पंचांच्या मते धावपटूने तो जाणूनबुजून पाडला असेल, तर तो अपात्र ठरतो. येथे हेतू हाच नियमाचा गाभा आहे. मराठीत सांगावयाचे तर, 'पडला' क्षम्य आणि 'पाडला' अक्षम्य. दुसरा नियम आरंभाविषयीचा. २०१० पासून पहिलीच चुकीची सुरुवात करणाऱ्यास शर्यतीतून काढून टाकण्याचा नियम लागू झाला होता. येथे हेतूची चौकशीच नाही. दाएगूमध्येच आदल्या दिवशी, २८ ऑगस्टला, १०० मीटर शर्यतीच्या अंतिम फेरीत जमैकाचा उसेन बोल्ट याच नियमाने बाद झाला होता. मुद्दाम लवकर सुटून त्याला कोणताही लाभ होणार नव्हता, हे सर्वांना ठाऊक होते. पण नियमाने तसे विचारलेच नव्हते.

तिसरा नियम, म्हणजे ज्याखाली रोबल्सला अपात्र ठरविले तो १६३.२, या दोहोंच्या मधला आहे. दुसऱ्या धावपटूला धक्का देऊन किंवा आड येऊन जो त्याच्या प्रगतीस बाधा आणील, तो अपात्र ठरविला जाण्यास पात्र होईल, असा त्याचा आशय होता. यात 'जाणूनबुजून' हा शब्द नाही. त्याऐवजी परिणामाची अट आहे : समोरच्याच्या प्रगतीस बाधा आली पाहिजे. नुसता स्पर्श पुरेसा नाही आणि हेतू आवश्यक नाही. शिवाय 'अपात्र ठरेल' असे न म्हणता 'अपात्र ठरविला जाण्यास पात्र होईल' असे म्हटल्यामुळे अंतिम निवड पंचांच्या विवेकावर सोपविलेली आहे.

या दृष्टीने पंचांपुढे क्रमाने तीन प्रश्न होते. हात लागला काय? चित्रफितीत तो लागलेला स्पष्ट दिसत होता. त्यामुळे लिऊ अडला काय? शेवटच्या दोन अडथळ्यांपाशी त्याची लय मोडलेली दिसत होती. मग अपात्रतेचा अधिकार वापरावा काय? हे तिसरे उत्तर मात्र चित्रफितीत नव्हते, ते पंचांनाच द्यावयाचे होते. रोबल्सने हात मुद्दाम लावला, असा निष्कर्ष काढण्याची त्यांना गरज नव्हती. त्या निर्णयाने रोबल्सला फसवा ठरविले, अशी समजूत करून घेणे म्हणूनच नियमाच्या शब्दांना सोडून होईल. निर्णय 'लागला' या क्रियापदावर उभा होता, 'लावला' यावर नव्हे.

हेतू वगळण्यामागे व्यवहारी कारण आहे. साऱ्या शर्यतीला तेरा सेकंद लागतात. त्यातील एका हेलकाव्यामागचे मन कोणत्याही छायाचित्रणात उमटत नाही. परिणाम मात्र दिसतो आणि मोजता येतो. जो नियम मनातले ओळखावयास सांगतो, तो पंचाला तर्कावर ढकलतो. जो परिणाम पाहावयास सांगतो, तो त्याला पुराव्याजवळ ठेवतो. उलटपक्षी, परिणामावर आधारलेला नियम निर्हेतुक कृतीलाही तीच शिक्षा देतो, हा त्याचा उणेपणा नाकारता येत नाही. रोबल्स आणि रिचर्डसन यांच्या वेळांत दोन शतांश सेकंदांचे अंतर होते. शर्यतीच्या सरासरी गतीने ते सुमारे १७ सेंटिमीटर भरते. तेवढ्यावर मिळालेले जगज्जेतेपद हाताच्या एका वळशामुळे गेले.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याची वाट अडली त्या लिऊला या निर्णयाने त्याची शर्यत परत मिळाली नाही. त्याचे स्थान एकाने वर गेले, वेळ तीच राहिली. सुवर्णपदक मिळाले ते या तंट्याशी काहीही संबंध नसलेल्या रिचर्डसनला. अपात्र धावपटूला वगळून शर्यत पुन्हा घेण्याची तरतूद नियमात होती, पण तिचा अवलंब झाला नाही. अपात्रतेने दोष काढून टाकता येतो, हानी भरून काढता येत नाही, हा भेद येथे स्पष्ट दिसतो.

पुढील काळात नियमांची भाषा पालटली, आणि तीही उद्बोधक रीतीने पालटली. धक्का वा बाधा अहेतुक असेल, किंवा धावपटूंखेरीज अन्य कारणाने आली असेल, तर पंचाने फेरशर्यतीचा अथवा बाधित धावपटूस पुढील फेरीत घेण्याचा विचार करावा. एखादा धावपटू तिला जबाबदार आढळला तर तो अपात्रतेस पात्र व्हावा, अशी विभागणी नंतरच्या नियमावलीत आली. म्हणजे बाधेच्या नियमात हेतूचा विचार शिरला. याच्या उलट, अडथळा पाडण्याच्या नियमातून 'जाणूनबुजून' हा शब्द गळाला. त्या जागी हाताने, धडाने किंवा पुढच्या पायाच्या ठराविक बाजूने अडथळा पाडणे, अशी डोळ्यांना दिसणारी खूण आली. एका नियमाने मनाकडून शरीराकडे आणि दुसऱ्याने परिणामाकडून मनाकडे वाट धरली. दोन्ही ठिकाणी शोध एकाच गोष्टीचा आहे : न्याय्यही असेल आणि सिद्धही करता येईल, अशा शब्दाचा.

मराठीत हे नियम आणू पाहणाऱ्यास यातून एक सावधगिरी शिकता येते. आपल्याकडे 'अडथळा' हा शब्द ओलांडावयाच्या चौकटीसाठीही वापरतात आणि दुसऱ्याच्या वाटेत आणलेल्या विघ्नासाठीही. त्यामुळे 'अडथळ्याच्या शर्यतीत अडथळा आणला म्हणून अपात्र' असे गोंधळाचे वाक्य तयार होते. दुसऱ्या अर्थासाठी 'अडवणूक' हा शब्द सुचणे स्वाभाविक आहे. परंतु तो सदोष आहे. अडवणूक ही नेहमी कोणीतरी कोणाचीतरी केलेली असते. ती आपोआप होत नाही. हा शब्द योजल्यास मूळ नियमाने मुद्दाम वगळलेला हेतू भाषांतरात मागील दाराने आत येईल, आणि रोबल्ससारख्या धावपटूवर न ठेवलेला आरोप मराठी वाचकाच्या मनात सिद्ध होऊन बसेल. 'बाधा' किंवा 'व्यत्यय' हे शब्द या कामी अधिक निर्दोष वाटतात; बाधा येतेही आणि आणताही येते.

१३.१४ ही वेळ त्या शर्यतीच्या क्रमवारीत राहिली नाही. रोबल्सच्या नावापुढे नियमाचा क्रमांक तेवढा उरला आहे. तो क्रमांक वाचताना त्यामागचे क्रियापद कोणते, एवढे वाचकाने ध्यानात ठेवले, तर त्या धावपटूस शब्दांपुरता तरी न्याय मिळेल.