डोमेनची मुदत संपली? घाबरू नका, पण दिवस मोजा



१ जून ते ३१ जुलै ही आपली बंदी. या दिवसांत जाळी शिवतात, होड्यांना रंग लागतो आणि कार्यालयात तुंबलेले कागद वर येतात. यंदा शेजारच्या एका संस्थेचे पदाधिकारी आमच्याकडे आले. त्यांची वेबसाइट बंद, ईमेलही बंद. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने तो धंदा सोडलेला, आणि डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, मुदत संपून १९ दिवस झालेले. त्यांचे नाव शेवटी वाचले. त्यातून जे कळले ते सगळ्यांच्या उपयोगाचे आहे, म्हणून लिहितो.

डोमेन कायमचे विकत मिळत नाही. होडीच्या परवान्यासारखे ठराविक वर्षांसाठी मिळते. ज्या कंपनीमार्फत ते नोंदवतात तिला रजिस्ट्रार म्हणतात. नाव तेच ठेवून रजिस्ट्रार बदलता येतो. मुदत संपल्यावरसुद्धा बदलता येतो, पण कितवा दिवस चालू आहे त्यावर सगळे अवलंबून आहे.

डॉट कॉम आणि डॉट ऑर्ग नावांचे तीन टप्पे असतात:

१) मुदत संपल्यावर सवलतीचे दिवस, जास्तीत जास्त ४५. प्रत्येक रजिस्ट्रार वेगळे दिवस देतो, काही जण फार कमी देतात. काही तर याच काळात नाव लिलावात काढतात. नूतनीकरण किंवा रजिस्ट्रार बदलणे, दोन्ही याच टप्प्यात करून घ्यावे.

२) पुढचे ३० दिवस. आता फक्त जुना रजिस्ट्रारच नाव सोडवून देऊ शकतो, आणि त्याचा वेगळा, बराच मोठा आकार लागतो. सोडवल्याशिवाय नाव दुसरीकडे हलत नाही.

३) शेवटचे ५ दिवस. काहीच करता येत नाही. नंतर नाव खुले, जो आधी घेईल त्याचे.

डॉट इन नावांचा कारभार निक्सी ही संस्था पाहते. त्यांचे दिवस आपल्या रजिस्ट्रारकडून विचारून घ्या.

हलवायची रीत अशी. जुन्या खात्यात जाऊन नावाचे लॉक काढायचे. तिथून ऑथ कोड घ्यायचा. तो नव्या रजिस्ट्रारला देऊन फी भरायची. या फीमध्ये साधारणपणे १ वर्षाची मुदत वाढून मिळते. डोमेनचे जागतिक नियम करणाऱ्या आयकॅन संस्थेनुसार, कोड मागितल्यावर जुन्या रजिस्ट्रारने तो ५ दिवसांत द्यावा लागतो. मागचे पैसे थकले असतील तर तो अडवू शकतो, पण पुढच्या वर्षाचे भरले नाहीत एवढ्यावरून अडवता येत नाही.

इथे तीन ठिकाणी जाळे अडकते.

एक, खात्याला संस्थेच्याच डोमेनचा ईमेल दिलेला असतो. मुदत संपली की तो ईमेलही बंद पडतो आणि कोड येतच नाही. त्या संस्थेचे असेच झाले. मुलाला फोन करून खाते उघडून घेतले, तेव्हा कोड तिथेच दिसला.

दोन, नोंदणी मुलाच्या नावावर होती. ती आधी बदलली असती तर ६० दिवसांचे लॉक लागू शकले असते. म्हणून आधी नाव हलवले, मग संस्थेच्या नावावर केले.

तीन, घाईने जुन्याकडे नूतनीकरण करून लगेच नाव हलवू नका. मुदत संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत हलवले तर जुन्याकडे भरलेले वर्ष वाया जाऊ शकते. ईमेल आणि वेबसाइटच्या सेटिंग्जही आधी लिहून ठेवा, त्या आपोआप नव्याकडे जातीलच असे नाही.

एवढा खटाटोप कशाला, नवीन नाव घेऊया की, असे कोणी म्हणेल. पण जुने नाव पावत्यांवर, व्यापाऱ्यांकडे आणि बँकेत दिलेले असते. ते दुसऱ्याच्या हातात गेले तर तो आपल्याच पत्त्याचा ईमेल उघडू शकतो. व्यापाऱ्याला ‘आमचे खाते बदलले, पैसे इथे भरा’ असे कळवू शकतो. मासळीचे पैसे जातील आणि कोणी चोरले ते कळणारही नाही.

हे मोठ्यांच्याही बाबतीत घडते. १९९९ च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका डोमेनचे ३५ डॉलर भरायचे राहिले आणि हॉटमेल वापरणाऱ्या अनेकांना ईमेल उघडता येईना. एका बाहेरच्या प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ते पैसे भरले.

म्हणून प्रत्येक संस्थेने एवढे करावे. डोमेन संस्थेच्या नावावर असावे. खात्याला वेगळा, चालू ईमेल आणि कार्यालयाचा फोन द्यावा. पासवर्ड सचिव आणि अध्यक्ष दोघांकडे असावा, समिती बदलली की तो चार्जमध्ये लिहून द्यावा. होड्यांच्या विम्याच्या तारखा जिथे लिहितो त्याच वहीत डोमेनची तारीखही लिहावी. एका वेळी १० वर्षांपर्यंत मुदत घेता येते, परवडत असेल तर जास्त वर्षे भरून मोकळे व्हावे.

कोणाला अडचण असेल तर खात्याचा तपशील घेऊन कार्यालयात या. आम्ही बसवून करून देऊ. मात्र बंदी उठेपर्यंत थांबू नका. १ जूनला संपलेले नाव ३१ जुलैला आपले असेलच असे नाही.