डोळ्यात फूल पडलेला सुलतान

काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ मुलखात किपचाक तुर्कांच्या टोळ्या राहत. तेराव्या शतकात मंगोल आले आणि टोळ्या उधळल्या. त्या धामधुमीत एक मुलगा गुलामांच्या बाजारात पोहोचला. अंगापिंडाने दणकट, पण एका डोळ्यात फूल पडलेलं. या खोटीपायी त्याचा एक सौदा फिसकटला, असं जुन्या तवारिखांत आहे. हाच बायबर्स. १२६० साली तो इजिप्तचा सुलतान झाला!

विकत आणलेला पोर तख्तावर चढतो कसा? इजिप्तचा तेव्हाचा सुलतान अस-सालिह याने अशी शेकडो पोरं विकत घेतली आणि नाईल नदीतल्या रोडा बेटावर ठेवली. तिथे त्यांना धर्म, घोडेस्वारी, धनुष्य, भाला शिकवायचं आणि तयार झाली की गुलामीतून मोकळं करायचं. ना घर, ना गोत. निष्ठा दोघांशीच: धनी आणि बराकीतले सोबती. हेच ते मामलुक. १२५० मध्ये मन्सुरा गावात इजिप्तवर चालून आलेल्या फ्रान्सच्या राजाचे सरदार घोडे फेकत घुसले, तेव्हा अरुंद गल्ल्यांत त्यांना कोंडून मारलं ते यांनीच. पुढे खुद्द राजा नववा लुई कैद झाला. त्याच वर्षी मामलुकांनी गादीही घेतली.

आता दैवाचा फेरा पाहा. ३ सप्टेंबर १२६० रोजी ऐन जालूतच्या लढाईत मामलुकांनी मंगोलांना धूळ चारली आणि आघाडीला होता बायबर्स. ज्यांच्या धाडीने तो देशोधडीला लागला, तेच त्याच्यासमोरून पळत होते! परतीच्या वाटेवर मामलुकांचा सुलतान कुतूझ याचा खून झाला. त्या कटात बायबर्स होता, आणि गादीवरही तोच बसला.

मग क्रुसेडरांची, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांची, पाळी आली. बातम्या झटपट पोहोचाव्यात म्हणून बायबर्सने टप्प्याटप्प्यावर ताज्या दमाचे घोडे ठेवले. दमास्कसची खबर चार दिवसांत कैरोत! १२६५ मध्ये त्याने क्रुसेडरांची कैसरिया आणि अर्सूफ ही किनाऱ्यावरची ठाणी घेतली, आणि पाडूनही टाकली. का? युरोपातून येणाऱ्या फौजेला किनाऱ्यावर आसराच उरू नये म्हणून. १२६८ मध्ये क्रुसेडरांचं अँटिओक पडलं. तिथला राजपुत्र तेव्हा त्रिपोलीत होता. बायबर्सने त्याला सविस्तर पत्र धाडलं: बातमी सांगायला तुझं कोणी उरलं नाही, म्हणून आम्हीच कळवतो!

मला सर्वांत थक्क करतो तो क्राक दे शेव्हालिए. हॉस्पिटलर धर्मयोद्ध्यांचा दुहेरी तटाचा हा गड ११८८ मध्ये सलाउद्दीनसुद्धा न घेता पुढे गेला होता. १२७१ मध्ये बायबर्सने बाहेरचा तट फोडला. आतला मात्र अभेद्य. तेवढ्यात शिबंदीला वरिष्ठांचं पत्र आलं: गड सोडा. पत्र बनावट होतं, असं सांगतात. शिबंदी अभय घेऊन खाली उतरली!

आणि मामलुकांच्या फौजेसाठी नवी पोरं कोण पुरवत होतं? काळ्या समुद्रातून त्यांना इजिप्तला नेणाऱ्या जहाजांत ख्रिस्ती जिनोव्हा शहराची जहाजंही होती. पोपने मनाई केली, तरी धंदा चालूच राहिला. आणि अशाच पोरांच्या बळावर १२९१ मध्ये क्रुसेडरांची राजधानी आक्रा मामलुकांनीच घेतली.