अपस्मार, निद्रा आणि बिंदुदाब

झटके थांबले की अपस्माराचा प्रश्न सुटला, असे घरातील मंडळींना वाटते. रुग्णाला मात्र अपुरी झोप आणि दिवसभराचा थकवा छळतच असतो. रात्रीच्या झटक्यांनी झोप मोडते, काही औषधांनी ग्लानी येते आणि जागरण हे तर नव्या झटक्याला निमंत्रण ठरते. वाशिम, कारंजा, रिसोडच्या बाजारपेठांत दिवाळीच्या हिशेबासाठी मध्यरात्रीपर्यंत जागणाऱ्या व्यापारी कुटुंबांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

झोपेसाठी स्वतःच्या हातांनी करता येण्याजोगा, बिनखर्ची उपाय म्हणजे अॅक्युप्रेशर. निजण्यापूर्वी स्वस्थ बसून पुढील बिंदूंवर अंगठ्याने दाब द्यावा :

१) तळहाताकडील मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर, दोन शिरांसारख्या ताठ दोऱ्यांच्या मधोमध.
२) त्याच घडीवर, करंगळीच्या बाजूचा खळगा.
३) गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे, नडगीच्या बाहेरील बाजूस एक बोट; हा बिंदू परंपरेने थकव्यासाठी सांगितला जातो.

प्रत्येक ठिकाणी एक-दोन मिनिटे, दुखणार नाही इतकाच दाब द्यावा. श्वास संथ ठेवावा. जखम वा सूज असल्यास तेथे दाबू नये. गर्भवतींनी व रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

या उपायाने मन निवते, झोप लागण्यास साहाय्य होऊ शकते. परंतु झटके थांबतात असा भक्कम पुरावा नाही. म्हणून गोळी कधीही स्वतःहून बंद करू नये. योग्य औषधोपचाराने सुमारे ७० टक्के रुग्ण झटकामुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्या घरांत खरी अडचण रात्रीच्या गोळीची असते. चौविहार किंवा पर्युषणातील उपवासामुळे ती चुकली, तर झटक्याचा धोका वाढतो. नियम घेण्यापूर्वीच डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात आणि गुरुमहाराजांनाही आजार स्पष्ट सांगून मार्गदर्शन घ्यावे.

गोळी चुकण्याचे दुसरे कारण म्हणजे लपवाछपवी. सासरी कळू नये म्हणून सून औषध लपवते आणि एखाद्या रात्री ते राहून जाते. हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे आणि त्यातील अपस्माराचा अडसर १९९९ च्या दुरुस्तीने दूर झाला आहे. तेव्हा संबंध जुळवतानाच आजार मोकळेपणाने सांगावा. ज्या घरात गोळी उघडपणे घेता येते, तेथेच रुग्णाला निर्धास्त झोप लागते.